मागच्याचा वेग

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबमधले सहा पारशी तरुण सायकलवरून जगाला फेरी मारायला निघाले: अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमान कापडिया. चार वर्षे पाच महिन्यांनी, सुमारे ७१ हजार किलोमीटर कापून, १८ मार्च १९२८ रोजी मोहीम पुरी करून मुंबईत आले ते यांतले पहिले तिघे. कापडिया खासगी कारणाने तेहरानहूनच माघारी फिरले. हाथीराम यांना अमेरिका मानवली आणि ते तिथेच राहिले. मित्र मागे राहिला तसे पोचखानवाला यांचे मन उडाले आणि त्यांनी भारताची वाट धरली. शंभर वर्षांपूर्वीच्या या धाडसाची आठवण निघते तेव्हा आपण किलोमीटर मोजतो, देश मोजतो, वाळवंटांची आणि तहानेची वर्णने करतो. पोचखानवालांपाशी मात्र फारसे थांबत नाही. तालमीत कमावलेल्या अंगाचा तरुण, इराण आणि इराकचे रस्ते पचवून अमेरिकेपर्यंत पोहोचलेला, तिथून परततो तो सोबती सुटला म्हणून. लांबच्या सायकल प्रवासात काय झिजते, याचा विचार त्याच्यापासून सुरू करायला हवा.

आपल्याकडे अशा सफरी आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. कोकणचा सागरी महामार्ग, पुणे ते कन्याकुमारी, मनाली ते लेह अशा वाटांवर दर हंगामात सायकली दिसतात. पुण्या-नाशिकहून पंढरपूरला सायकल वारीही निघते. निघण्याआधीची तयारी पाहिली तर ती बहुतेक यंत्राची आणि स्नायूंची असते: कोणते टायर, किती दातांचे गिअर, पॅनियर (सायकलला अडकवायच्या सामानाच्या पिशव्या) कुठल्या, रोजचा सराव किती. सोबती मात्र निवडला जातो तो मैत्रीवर. कॉलेजातला दोस्त, नवरा-बायको, कार्यालयातला सहकारी. जमते ना आपले, मग झाले. इथेच चूक होते. दोघांच्या प्रवासात शरीराचा ताण आणि मनाचा ताण अशी दोन खाती नसतातच. रस्त्यावरची बहुतेक भांडणे ही शरीराची कुरबूर असते. ती स्वभावाच्या भाषेत बोलते, म्हणून आपण तिला स्वभावदोष समजतो. हे मान्य केले तर निघण्याआधी मैत्रीची खात्री करून घेण्यापेक्षा वेग, वजन, खाणे आणि तक्रार या चार गोष्टी ठरवून घेणे जास्त गरजेचे ठरते.

एक साधा हिशेब मांडून पाहू. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट सायकलवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. अशा घाटातला २० किलोमीटरचा सलग टप्पा घेऊ आणि सोयीसाठी दर शंभर मीटरला सहा मीटर चढ धरू. दोघे सायकलस्वार, प्रत्येकाचे वजन ७० किलो, सायकल १५ किलो, सामान २० किलो. म्हणजे प्रत्येकी १०५ किलोचा भार. फरक एवढाच, की एकाचे पाय सलग १५० वॉट शक्ती लावू शकतात, दुसऱ्याचे १३०. हा काही फार मोठा फरक नव्हे. वय, सराव, आदल्या रात्रीची झोप, यांतल्या कशानेही तेवढा पडतो. पहिल्याचा वेग ताशी आठ किलोमीटरच्या आसपास राहील, दुसऱ्याचा सातच्या किंचित खाली. माथ्यावर पहिला १५१ मिनिटांत पोहोचेल, दुसरा १७४ मिनिटांत. मध्ये २३ मिनिटे. सपाटीवर हा फरक झाकला जातो, कारण तिथे मुख्य अडसर हवेचा असतो आणि वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. पुढच्याला जास्तीच्या ताकदीतून फार थोडा जास्त वेग मिळतो, शिवाय मागच्याला त्याचा आडोसा घेता येतो. चढावर वेग इतका कमी असतो की आडोशाचा उपयोग शून्य. तिथे झुंज फक्त वजनाशी असते. म्हणून गावात आणि सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षे बरोबरीने सायकल चालवलेल्या दोन मित्रांना एकमेकांमधले अंतर पहिल्यांदा कळते ते घाटात.

आता ती २३ मिनिटे जवळून पाहू. माथ्यावरच्या टपरीपाशी पुढचा पोहोचला. त्याने सायकल कठड्याला टेकवली, चहा घेतला, बिस्किटाचा पुडा संपवला, बाटली भरून घेतली. पहिली दहा मिनिटे मजेत गेली. मग घाटमाथ्याच्या वाऱ्याने घामेजलेला शर्ट गार पडू लागला, पाय आखडले, नजर सारखी वळणाकडे जाऊ लागली. शेवटी मागचा आला, धापा टाकत. त्याने पाय जमिनीला टेकवला न टेकवला तोच पुढचा उठून म्हणतो, ‘निघायचं?’ या एका शब्दात सगळे आले. पुढच्याच्या मते त्याने पाऊण तासाच्या निम्मा वेळ दुसऱ्यासाठी थंडीत घालवला. हा त्याग आहे. मागच्याच्या मते जो जास्त दमला त्यालाच बसू दिले नाही; हा अपमान आहे. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत. एक गोष्ट मात्र दोघांच्याही लक्षात येत नाही. दोघांनी १०५ किलो वजन १,२०० मीटर उंच नेले, म्हणजे दोघांनी केलेले काम सारखेच आहे. मागच्याने ते २३ मिनिटे जास्त राबून केले आणि बदल्यात त्याला २३ मिनिटे कमी विश्रांती मिळाली. दिवसात असे तीन चढ आले तर तासाहून जास्तीचा फरक पडतो. आठवडाभरात जो मुळात थोडासाच कमी होता, तो खरोखरच कमी होऊन बसतो. मग पुढच्याला वाटते, हा मुद्दाम रेंगाळतो.

यात भर पडते ती न दिसणाऱ्या दुखण्यांची. हँडलवर तासन्‌तास भार दिल्याने मनगटातून जाणारी अल्नर नस दाबली जाते आणि करंगळी व अनामिका बधिर होतात. काहींना संध्याकाळी शर्टाचे बटणही लावता येत नाही. सीट जरा खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, जरा वर असेल तर मागून. जड गिअरवर रेटत राहण्याची सवय असेल तर ते दुखणे दुप्पट. बसण्याच्या जागी घामाने आणि घर्षणाने फोड येतात, त्यांचे गळू होते. हे शेवटचे दुखणे आपल्याकडे कुणी उच्चारत नाही. माणूस ते अंगावर काढतो, सीटवर इकडे-तिकडे सरकत राहतो, बोलणे बंद करतो, आणि सोबत्याला वाटते याने तोंड फुगवले. सोबती स्त्री असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. आपल्या महामार्गांवर स्वच्छतागृहांची जी अवस्था आहे तिच्यामुळे कितीतरी जणी प्रवासात पाणीच कमी पितात. घाम मात्र थांबत नाही. दुपारपर्यंत डोके दुखू लागते, थकवा येतो, चार दिवसांनी मूत्रमार्गाचा संसर्ग गाठतो. पाळीचे दिवस त्यातच येतात. या सगळ्याचा उच्चार करायची सोय नसेल, तर बाहेर दिसते ती फक्त ‘हिचा मूड गेला’ एवढीच गोष्ट. पाय मोडला तर सोबती धावून येतो. बधिर करंगळीला सहानुभूती मिळत नाही, कारण ती दिसत नाही.

भुकेचेही तसेच. आपल्या शरीरात स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठलेली असते, म्हणजे १,६०० ते २,००० कॅलरी. वर मांडलेल्या घाटात तासाला पाचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. चरबीही जळते, पण चढाच्या कष्टाला साखर लागतेच. सकाळी चहा-पोह्यांवर निघालेला माणूस दुपारी एकच्या सुमारास रिकामा होतो. पाय थरथरतात, लक्ष लागत नाही, आणि राग नाकावर येतो. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०७ जोडप्यांना २१ दिवस रोज रात्री आपल्या जोडीदाराच्या नावाच्या बाहुलीत, राग असेल तितक्या टाचण्या टोचायला सांगितले होते. ज्या रात्री रक्तातली साखर कमी, त्या रात्री टाचण्या जास्त. झोपेचीही अशीच साक्ष आहे. २००७ सालच्या एका प्रयोगात रात्रभर जागे ठेवलेल्या तरुणांच्या मेंदूतला भीती-रागाशी संबंध असलेला अमिग्डला नावाचा भाग, त्रासदायक चित्रे पाहताना झोप झालेल्यांच्या तुलनेत ६० टक्के जास्त चेतवला गेला. जोडप्यांवरच्या आणखी एका अभ्यासात असे दिसले की भांडण मिटण्याची शक्यता दोघांचीही झोप पुरी झालेली असली तरच वाढते. एकेका अभ्यासावर फार भार टाकू नये हे खरे. पण हे सगळे एकाच दिशेने बोट दाखवतात, आणि ‘भुकेलेल्या माणसाशी वाद घालू नये’ हे आपल्या घरातल्या बायकांना कोणत्याही प्रयोगाशिवाय माहीत आहे. तंबूत किंवा धर्मशाळेत अर्धवट झोपून, अर्धपोटी सायकल चालवणाऱ्या दोन माणसांना मात्र रस्ता चुकला की आपण अत्यंत विवेकी चर्चा करत आहोत असे वाटत असते.

आणि मग हिशेबाची वही उघडते. तंबू कोणी लावला, पंक्चर कोणी काढले, रस्ता कोणी विचारला, दर वेळी पैसे कोण पुढे करतो. मायकेल रॉस आणि फियोरे सिकोली यांनी १९७९ साली नवरा-बायकोंना स्वतंत्रपणे विचारले होते की घरातल्या कामांपैकी तुमचा वाटा किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. कुणी खोटे बोलत होते असे नव्हे. स्वतःचे कष्ट स्वतःला आठवतात, दुसऱ्याचे दिसले तेवढेच. घरात निदान दोघे दिवसाचे आठ-दहा तास वेगळे असतात, मित्र असतात, शेजारी असतात, राग दुसरीकडे निवतो. सायकलवर सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत समोर तेच एक माणूस, तीच शिंक, तोच विनोद, चटणी मागायची तीच तऱ्हा. नव्या गावात बोलायला कुणी असलेच तरी ते पाच मिनिटांपुरते. त्यामुळे वही कुणी फाडत नाही, दोघेही ती मनात भरत राहतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘प्रवासातच तर माणूस कळतो.’ भांडण झाले, सोबत तुटली, तर बरेच झाले, खरा स्वभाव बाहेर आला. हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की ते तपासतच नाही. प्रवासात कळतो तो माणूस कोणत्या अवस्थेतला असतो? ज्याची साखर उतरली आहे, ज्याने पाच रात्री नीट झोप घेतलेली नाही, ज्याच्या गुडघ्यात कळ आहे आणि ज्याला बसता येत नाही, अशा माणसाचा तो परिचय असतो. त्यालाच ‘खरा’ म्हणायचे आणि पंधरा वर्षे अडीअडचणीला उभा राहिलेल्या मित्राला ‘खोटा’ म्हणायचे, हे कोणते तर्कशास्त्र? तापात बडबडणाऱ्या रुग्णाच्या बोलण्यावरून आपण त्याचे चारित्र्य ठरवत नाही. कष्टातही काही जण शांत राहतात हे खरे, आणि ते गुण मोलाचे आहेत. पण जो चिडला तो हलका आणि जो गप्प राहिला तो थोर, हा निकाल देण्याआधी कुणाला किती विश्रांती मिळाली होती एवढे तरी पाहावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सोबतीचा इतका त्रास असेल तर एकट्यानेच का जाऊ नये? एकट्याने गेलेल्यांची परंपरा मोठी आहे. थॉमस स्टीव्हन्सने १८८४ ते १८८६ या काळात, उंच चाकाच्या सायकलवरून, एकट्याने जगप्रदक्षिणा केली. डर्व्हला मर्फी १९६३ साली आयर्लंडहून भारतापर्यंत एकटी आली. अमेरिकन दर्यावर्दी आणि संशोधक रिचर्ड बर्ड याने तर हा प्रश्न तर्काने सोडवला होता. १९३४ साली अंटार्क्टिकातल्या आतल्या भागात हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी हिवाळा काढायचा होता. तिघांपुरती रसद तिथे पोहोचवता येईना. दोघांना ठेवले तर ते काळोखात एकमेकांचा जीव खातील, असा विचार करून बर्ड एकटाच राहिला. त्याचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. पण पुढे शेगडीच्या विषारी वायूने तो मरणाच्या दारात गेला, आणि मुख्य तळावरून तीन माणसे वादळी अंधारातून त्याच्यापर्यंत पोहोचली म्हणून वाचला. सायकलच्या इतिहासातही असाच एक जोड आहे. विल्यम सॅक्टलबेन आणि थॉमस ॲलन या दोन अमेरिकन तरुणांनी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलहून पेकिंगपर्यंत आशिया पार केला. त्यानंतर पिट्सबर्गचा फ्रँक लेन्झ एकटाच जगाच्या फेरीवर निघाला आणि १८९४ साली पूर्व तुर्कस्तानात मारला गेला. त्याचा माग काढायला गेला तो सॅक्टलबेनच. एकट्याला भांडायला कुणी नसते, पण हाक मारायलाही नसते. घाटात ब्रेक निकामी झाला, उन्हाने चक्कर आली, रात्री आडगावी ताप भरला, तर सोबती हा सल्लागारही असतो आणि रुग्णवाहिकाही. त्यामुळे सोबत सोडणे हा उपाय नाही. सोबतीला शिस्त लावणे हा आहे.

शिस्त म्हटले की तिसरा आक्षेप पुढे येतो. मोकळे व्हायला तर बाहेर पडायचे, तिथेही करार आणि कलमे? मैत्रीत कसले नियम? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला बाहेरून आणावे लागत नाही. आळंदीहून पंढरपूरला ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा जातो, त्यात लाखो माणसे सुमारे अडीच आठवडे एकत्र चालतात. म्हातारी असतात, पोरे असतात, अनवाणी चालणारे असतात. हे जमते, कारण कोण कुठे चालेल, विसावा कुठे, मुक्काम कुठे, सगळे आधी ठरलेले. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा क्रमांक नक्की. त्याहून मोलाची गोष्ट मुक्कामाच्या जागी घडते. समाज आरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतात आणि सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो, मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची आणि दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाची घोषणा होते, आणि आरती. तक्रार करणे हा भक्तीतला खंड मानलेला नाही. तिला रोजची वेळ दिली आहे, आवाजही दिला आहे. आणि ती मिटल्याशिवाय आरती होत नाही, म्हणजे कुणी ती मनात घेऊन झोपत नाही. या शिस्तीमुळे वारीतला आनंद कमी झाला असे कोणी वारकरी म्हणणार नाही. दोन माणसांच्या सफरीत चोपदार नसतो. पण मुक्कामाला पोहोचून, आंघोळ करून, पोटात चार घास गेल्यावर दहा मिनिटे ‘आज काय टोचले’ एवढे विचारायचे, हा नेम दोघांना करता येतो. जेवणानंतर, आधी नव्हे. कारण रक्तातल्या साखरेचा मान राखावाच लागतो.

चौथा आक्षेप सबळाच्या बाजूचा. मागच्याच्या वेगाने चालायचे तर पुढच्याने का भोगायचे? त्याने वर्षभर सराव केला, तो का रखडावा? पुन्हा घाटातल्या हिशेबाकडे जाऊ. सबळाने दुसऱ्याच्या पॅनियरमधले सात किलो सामान आपल्याकडे घेतले, तर एकाचा भार ११२ किलो होतो, दुसऱ्याचा ९८. पायांची ताकद तीच, १५० आणि १३० वॉट. आता पहिल्याला माथ्यावर पोहोचायला १६१ मिनिटे लागतात, दुसऱ्याला १६३. २३ मिनिटांचे अंतर दोनावर आले. सबळाची दहा मिनिटे जास्त गेली, पण ती तो एरवी टपरीवर थंडीत घालवणारच होता. जोडी मात्र ११ मिनिटे आधी पोहोचली आणि ‘निघायचं?’ हा प्रश्नच उरला नाही. म्हणजे मागच्याच्या वेगाचा मान राखणे याचा अर्थ पुढच्याने रडतखडत पेडल मारणे असा होत नाही. दोघांचा वेग एक होईल असे वजन वाटणे, असा होतो. अर्थात २७ किलो सामान एकट्या मागच्या कॅरियरवर लादले तर स्पोक तुटतील, ते पुढच्या-मागच्या चाकांवर नीट विभागावे लागते. आणि ज्याचे गुडघे आधीच कुरकुरत आहेत त्याने हा पराक्रम करू नये. पण तत्त्व साधे आहे. समान सामान म्हणजे न्याय, हा समज घाटात टिकत नाही. त्यासाठी दोघांनाही थोडा अभिमान गिळावा लागतो: एकाने आपली पिशवी दुसऱ्याला देताना, आणि दुसऱ्याने ती घेतल्यावर ऐकवून न दाखवता.

ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापणाऱ्या सायकलस्वारांना हे मोठेसे वाटणार नाही. त्यांच्या ब्रेव्हे नावाच्या उपक्रमात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, अशी मर्यादा असते. तिथे घड्याळ हा तिसरा माणूस असतो. वाद त्याच्याकडे जातो आणि तो निर्णय देतो. सफरीत घड्याळ नसते. उद्या किती जायचे, कुठे थांबायचे, पाऊस आला तर काय, हे सगळे दोघांच्या मर्जीवर, आणि प्रत्येकाला आपली मर्जी हीच सामान्य माणसाची मर्जी वाटते. म्हणून आधीच ठरवायला हवे: रोजचा पल्ला कमी ताकदीच्या माणसाच्या चौथ्या दिवसावर बेतायचा, पहिल्या दिवसाच्या उत्साहावर नाही. दर दीड तासाने खायचे, भूक लागो न लागो. मागचा आल्यावर त्याची विश्रांतीची दहा मिनिटे सुरू होतात, पुढच्याची संपत नाहीत. आठवड्यातून अर्धा दिवस एकमेकांपासून दूर, एकाने देऊळ पाहावे, दुसऱ्याने झोपावे. खर्चाची वही एकच, आणि ती कागदावर.

आणि एक कलम असे, जे कुणालाच आवडत नाही: वेगळे होण्याची मुभा. अर्ध्या वाटेत एकाने परतायचे ठरवले तर तो पळपुटा नव्हे, आणि दुसऱ्याने पुढे जायचे ठरवले तर तो स्वार्थी नव्हे, हे निघतानाच बोलून ठेवावे. दार उघडे आहे हे माहीत असले की माणूस बहुधा आतच बसतो. कोंडल्यासारखे झाले की तो खिडकीतून उडी मारतो. सोबत काही एकदाच ठरून अखेरपर्यंत टिकलीच पाहिजे असेही नाही. जानेवारी १९२४ मध्ये मुंबईहून फ्रामरोझ दावर एकटेच निघाले. व्हिएन्नात त्यांची गाठ गुस्ताव स्टावजानिक या ऑस्ट्रियन सायकलस्वाराशी पडली. मायबोली वेगळी, देश वेगळा, आधीची दोस्ती शून्य. दोघांनी मिळून सहारा ओलांडले आणि १९३१पर्यंत जग पालथे घातले. १९३३ साली मुंबईहून निघालेले केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे तिघेच राहिले आणि १९४२ साली परतले. सहांपैकी तीन, एकाचे दोन, तिनाचे तीन. एवढ्यावरून नियम काढता येणार नाही. पण जुनी मैत्री ही पुरेशी हमी नाही आणि तिचा अभाव हा अडथळा नाही, एवढे तरी यातून दिसते.

आपल्याकडच्या सायकल गटांमध्ये मोठ्या सफरीआधी बैठक होते. तीत हेल्मेट, दिवे, पंक्चर किट, विमा, सगळ्यांची उजळणी होते. त्या बैठकीत सोबतीसाठी अर्धा तास ठेवा, एवढीच विनंती आहे. जोडीने निघणाऱ्यांनी महिनाभर आधी एक घाट भरल्या सामानासह एकत्र चढून पाहावा आणि माथ्यावर किती मिनिटांचे अंतर पडते ते लिहून ठेवावे. मैत्री किती जुनी यापेक्षा तो आकडा जास्त उपयोगी पडेल. मग निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोघांच्या पॅनियर वजनकाट्यावर ठेवा आणि चार-सहा किलो सामान इकडचे तिकडे करा. याला फार तर पाच मिनिटे लागतात.